राजकन्या थांबेल

दापोड्याचं भातशेत काळूरामांनी स्वतःच्या राजीखुशीने गोडाऊन बांधायला दिलं आणि तेव्हापासून त्यांचा दिवस जाता जाईना. एका दुपारी ते ओटीवर मुलाच्या शेजारी येऊन बसले. प्रितेशच्या हातात जुन्या धाटणीचा छोटा व्हिडिओ गेम होता. ठिपक्याठिपक्यांचा वीर, त्याची तलवार आणि राक्षसाने पळवलेली राजकन्या. चाळिशीला टेकलेला प्रितेश त्यात पोरासारखा रमायचा आणि म्हाताऱ्यासारखा करवादायचाही.

“सगळं मस्त हाय बाबा, पण हे गवत बघा. कापून काढायचं आणि जरा वेशीबाहेर जाऊन आलो की परत उगवलेलं! बनवणाऱ्याला अक्कलच नाय.”

“परत उगवतं? आण इकडं.”

बटणं समजायला काळूरामांना थोडा वेळ लागला. मग मात्र त्यांचा वीर कडेची ओळ धरून, बांध सांभाळत, शिस्तीत गवत कापू लागला. समोरून राक्षस आला, तर त्याला वळसा घालून पुन्हा कामाला लागला. सगळं कापून झालं की वेशीबाहेर जायचं आणि आत यायचं. गवत हिरवंगार उभं! काळूराम खुदकन हसायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे.

चहा गार झाला तसा प्रितेश वैतागला. “बाबा, राजकन्या तिकडं कोंडलेली हाय!”

“थांबेल ती. मला सांग, यात गोडाऊन बांधता येतं का रं?”

“नाय.”

“मग बनवणाऱ्याला अक्कल हाय,” काळूराम म्हणाले आणि वीराला घेऊन पुन्हा वेशीबाहेर निघाले.