ठाण्याला कळवायचं असतं

माणिकप्पानं व्यंकटच्या हातातला मोबाइल हिसकावला, दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. मग त्याच दगडानं व्यंकटचं तोंड फोडलं.

"पोलिसाला कळवतोस व्हय? गाडीचं फिटनेस संपलंय, माहीत न्हाई तुला? आत कोण जाईल, तू का मी?"

व्यंकट रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला. ओठातून रक्त शर्टावर गळत होतं. खाली नालीत त्याचा टँकर आडवा पडला होता. पुढचं टायर फुटलं आणि औशाहून किल्लारीकडं जाणारी गाडी भर दुपारी रस्ता सोडून कलंडली. वरचं झाकण निखळून हेक्झेन बदाबदा वाहत होतं. दिसायला पाण्यासारखं. सोयाबीनमधून तेल काढायला कारखान्यात वापरतात ते. पेट्रोलसारखंच पेटतं, आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते.

पोलिसांच्या आधी मालकाला फोन केला, तीच चूक झाली होती. माणिकप्पा याच रस्त्यावर थोडा मागं होता. व्यंकट दुसरा फोन लावायच्या आत जीप येऊन थांबली होती.

"क्रेन आणि रिकामा टँकर घेऊन येतो," माणिकप्पा जीपमध्ये चढत म्हणाला. "कुणी विचारलं तर पाणी हाय म्हण. तोंड उघडलंस तर हितंच गाडीन."

जीप निघून गेली. व्यंकटनं येणाऱ्या गाड्यांना हात केला. रक्तानं माखलेलं तोंड बघून कुणी थांबलं नाही.

वास मात्र शेताशेतांतून पोचला. जवळच्या वस्तीवरची माणसं कॅन, घागरी, बादल्या घेऊन धावत आली. सगळ्यांच्या पुढं धोंडप्पा, मोटारसायकलवर. मागं त्याची बायको नीलम्मा, डोक्यावर रिकामी टोपली घेतल्यासारखी दोन हातांनी प्लास्टिकचा टब धरून.

व्यंकट दोन्ही हात पसरून आडवा आला. "मागं व्हा मामा. पेट्रोल न्हाई ते. एक ठिणगी पडली तर कुणी वाचणार न्हाई."

"मालकाचा माल राखायलास, असं म्हण की." धोंडप्पानं त्याला खांद्यानं ढकललं आणि नालीत उतरला.

"मग पोलिसाला तरी फोन लावा कुणी. माझा फोन फुटलाय. पाया पडतो तुमच्या."

लोक हसले. कॅन भरता भरता पोलिसाला कोण बोलावतं?

व्यंकटनं केबिनमधून चाक खोलायची लोखंडी टॉमी ओढून काढली. हातात घेतली आणि लगेच लांब वावरात भिरकावली. लोखंड दगडावर आपटलं असतं तर तीच ठिणगी. चाकाला उटी लावायचा लाकडी ठोकळा तेवढा त्याच्या पायाशी होता.

धोंडप्पा वर आला. भरलेले कॅन त्यानं मोटारसायकलला अडकवले आणि चावी फिरवायला हात पुढं केला. व्यंकटनं ठोकळा त्याच मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. चावी त्यानं उपसली आणि खिशात घातली.

धोंडप्पा ओरडत खाली बसला. मग सगळी वस्ती व्यंकटवर तुटून पडली.

तो पळाला. वारं समोरून येत होतं, वाफ तिकडं चढणार नव्हती, म्हणून तिकडंच चढाकडं पळाला. कॅन, घागरी टाकून माणसं त्याच्या मागं लागली. माथ्यावर त्यांनी त्याला गाठलं. बुक्क्या, लाथा, चपला, मातीची ढेकळं. एक दात पडला. एक डोळा मिटला तो उघडलाच नाही. तो हात वर करत नव्हता.

"मेला वाटतं," कुणीतरी म्हणालं. लोक थकले होते. दोघंतिघं खाली टँकरकडं परत निघाले.

व्यंकट उठला. जाणाऱ्यातल्या एकाच्या पाठीत त्यानं दगड मारला आणि त्याच्या आईवरून अशी शिवी दिली की चढाखाली बसलेल्या धोंडप्पानंही मान वर केली. सगळे पुन्हा त्याच्यावर आले. पुन्हा तेच झालं. ते पुन्हा परतायला लागले, तेव्हा उभं राहता येत नव्हतं म्हणून त्यानं एकाचा पाय धरला आणि पोटरीला कडकडून चावला.

धोंडप्पाला धरून माथ्यावर आणणाऱ्या नीलम्मानं ते पाहिलं. तिनं कमरेचा मोबाइल काढला आणि पोलिसांना फोन लावला.

"एक माणूस येडा झालाय. माझ्या नवऱ्याचा हात मोडलाय. लोकांला चावायलाय. लवकर या, न्हाईतर कुणाचा तरी मुडदा पडंल हितं."

किल्लारीकडून पोलिसांची जीप आली. वास येताच फौजदारानं ती लांबच बंद करायला लावली. मग पळापळ झाली. दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला, वस्ती रिकामी केली, बंब मागवले. औशाकडून येणारी माणिकप्पाची क्रेन अलीकडंच थांबवली आणि त्याला खाली उतरवून बसवून ठेवलं. बंबवाल्यांनी टँकरवर आणि नालीत फेस मारला. ऊन उतरेपर्यंत नाली पांढरी झाली होती आणि कुठंही काही पेटलं नव्हतं.

व्यंकटला स्ट्रेचरवर घेतलं. फौजदार त्याच्यावर वाकला.

"असला माल सांडला की पहिल्यांदा ठाण्याला कळवायचं असतं. तुम्हा ड्रायव्हरांना शिकवतात ना हे? ते सोडून माणसं मारत सुटलास?"

व्यंकटनं तोंडातलं रक्त थुंकलं. उघडा राहिलेला डोळा त्यानं नीलम्माकडं वळवला. नवऱ्याचा मोडका हात मांडीवर घेऊन ती शेजारीच बसली होती.

"कळवायचंच तर होतं, साहेब," तो म्हणाला. "या ताईंनीच फोन लावायला लई येळ लावला."