हायड्रोजनमधली खरखर

दूरच्या दीर्घिकांच्या समूहातला हायड्रोजन मोजायला रेडिओ दुर्बीण कान टवकारून बसलेली, आणि ऐन मोजणीत दाताखाली खडा यावा तशी खरखर! तीही फक्त संशोधक बाईंच्या पाळीत. दुर्बिणीला लहरींचा त्रास नको म्हणून मोबाईल तर सगळे फाटकावरच ठेवून येत. कुणीतरी मुद्दाम आपलं काम नासवतंय, अशी बाईंची खात्रीच झाली. शेवटी रेडिओ लहरी हुंगणारा हातातला अँटेना घेऊन त्यांनी एकेकाची झडती घेतली. दुर्बीण चालवणाऱ्या ऑपरेटरचे तर खिसे, डबा, बूटसुद्धा सोडले नाहीत. काही सापडलं नाही.

"मॅडम, आता तुमची पर्स तेवढी राहिली," ऑपरेटर घुश्शातच म्हणाला.

त्याचं समाधान म्हणून बाईंनी अँटेना पर्सवर धरला. त्याच्या मीटरचा काटा सटकन टोकाला गेला. त्यांनी अस्तर उसवलं, तर आत बटणाएवढं यंत्र, पर्स कुठे आहे ते क्षणोक्षणी कळवणारं. वाढदिवसाला नवऱ्याने हौसेने आणलेली पर्स!

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जेवणाच्या सुट्टीतला नवऱ्याचा रोजचा फोन, सगळ्या ऑफिसच्या कौतुकाचा.

"काय गं, सकाळपासून कुठे होतीस?"

यंत्र तळहातावर धरून बाई म्हणाल्या, "का? तुला दिसत नव्हतं?"