शेवटची दाढ

दात उगवायचं इंजेक्शन घेतलेल्या सत्तरीच्या वैजयंतीबाईंना आज शेवटची दाढही आली.

“आता काहीही चावा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फक्त रात्री घासायचा कंटाळा करू नका. चौथ्यांदा उगवत नाहीत.”

घरी येताच बाईंनी मूठभर भाजलेले शेंगदाणे कुडुमकुडुम खाल्ले. मिलिंदरावांना हसू आलं. बायकोला कवळी कधी सोसलीच नाही, म्हणून कित्येक वर्षं दुपारच्या चहाआधी ते तिच्यासाठी दाणे-गूळ कुटत आले होते. दोघांच्या गप्पा व्हायच्या त्या तेवढ्याच वेळात. त्यांनी खलबत्ता पुसला आणि माळ्यावर ठेवायला उचलला.

“कुठे नेतोस?” तोंडातले दाणे गिळून बाई म्हणाल्या. “बस इथे आणि कूट. दात काय, आता कुठे पळून जात नाहीत.”