शंभरात पाच चुका

बटणांच्या कारखान्यातून एक महागडा साचा चोरीला गेला, तेव्हा साहेबांनी खोटं पकडणारं यंत्र आणवलं. पहिल्याच दिवशी ते ओरडलं, तेही नेमकं सगळ्यात जुन्या कामगार असलेल्या मावशींवर.

"हे यंत्र शंभरात पाचदाच चुकतं," साहेबांनी कामावरून काढल्याचं पत्र पुढे सरकवलं. "आता बोला."

मावशींनी पत्र तसंच परत सरकवलं. "इथे हजार माणसं आहेत, साहेब. चोर त्यांतला एक. सगळ्यांना यंत्रापुढे बसवलंत, तर यंत्र पन्नास निर्दोष माणसांवर उगाच ओरडेल. त्या पन्नासांनाही काढणार?"

साहेब हसले. मग त्यांनी कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. उत्तर तेच येत होतं, पटत मात्र नव्हतं. "च्यायला, असं कसं?" ते वैतागून पुटपुटले आणि त्यांनी पत्र फाडून टाकलं.

"हे गणित कोणी शिकवलं तुम्हाला?"

मावशी ताठ मानेने उठल्या. "बावीस वर्षं तेच तर करतेय. तपासणीचं मशीन जी बटणं खराब म्हणून बाजूला काढतं, ती मी हाताने पुन्हा निवडते. बहुतेक चांगलीच निघतात."