उरलेलं वाक्य

पोस्टमास्तरांचा मुलगा दुकानाची पायरी चढला तेव्हा ती एका शर्टाची काजं करत होती. मुलाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोट होता. तो बघून तिने आधी मागे पाहिलं, कारण तिचे बाबा दुकानातच होते. इस्त्रीच्या टेबलाशेजारी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, लुळा पडलेला उजवा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"ताई, हा आमच्या बाबांचा कोट. माझ्या मापाचा होईल का?"

"होईल की. बस ना," ती म्हणाली. "तुझे बाबा गेल्याचं कळलं आम्हाला. पण दुकान आणि बाबा, दोन्ही टाकून येता नाही आलं रे."

बाबांनी कोट ओळखला. का नाही ओळखणार? बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच शिवला होता, आणि पोस्टमास्तर त्यांचे जिवाभावाचे मित्र. त्यांचे डोळे भरून आले, खालचा ओठ थरथरायला लागला. डावा हात मुलाच्या दिशेने वर आला. ती झटकन उठली, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं.

"तुझ्या बापाचं काय जातंय!" बाबा म्हणाले.

अगदी त्याच हेलात. टीव्हीवरचा तो विनोदी नट खांदा उडवून, 'जातंय' नाकातून लांबवत म्हणायचा, तसंच. दोन वर्षं सगळ्या गावाच्या तोंडी ते वाक्य होतं. कंडक्टर सुट्टे मागताना म्हणायचा, नर्स सुई टोचताना म्हणायची, पुढारी भाषणात म्हणून टाळ्या घ्यायचे. पोरांच्या बनियनवरसुद्धा ते छापलेलं असायचं. बाबांना तेवढं खपायचं नाही. "माझ्या दुकानात कुणी बाप काढायचा नाही," असं एका गिऱ्हाइकाला सुनावून त्यांनी त्याचं कापड परत केलं होतं.

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "काका?"

बाबांनी पुन्हा तेच म्हटलं.

"दहा दिवस झालेत फक्त," मुलगा म्हणाला आणि कोट परत कागदात गुंडाळायला लागला.

"थांब. अरे, ऐक तरी." तिने कोटावर हात ठेवला. "त्यांना झटका येऊन गेलाय. चार महिने झाले. सगळे शब्द गेले. माझं नाव गेलं, पाणी गेलं, हो-नाही गेलं. हे एवढंच राहिलंय. भूक लागली तरी हेच, दुखलं तरी हेच. डॉक्टर म्हणाले, असं एखादं वाक्य उरतं कधी कधी. कुठलं उरेल ते आपल्या हातात नसतं."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. "काकांचं बोलणं गेलं, एवढंच बाबा म्हणाले होते. दर आठवड्याला येऊन बसायचे ना इथे? पण हे... हे नाही कधी सांगितलं त्यांनी."

"नाही सांगितलं?"

"नाही."

तिला कधी कधी वाटायचं, बाबा केव्हाच कुठेतरी निघून गेलेत आणि त्यांच्या गळ्यात तो नट येऊन राहिलाय.

बाबांनी डावा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. हाताच्या आड गळा हलत होता. आतून कुणीतरी दार ढकलत होतं आणि बाबा ते सगळा जोर लावून बंद ठेवत होते.

मुलाने स्टूल ओढलं. बाबांच्या पुढ्यात बसला आणि त्यांचा हात हळूच तोंडावरून काढून स्वतःच्या हातात घेतला.

"बोला काका. बोला हो."

बाबांनी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या बापाचं काय जातंय?"

"झोपेतच गेले," मुलगा म्हणाला. "आईला वाटलं, आज उठायला उशीर झाला."

बाबांनी पुन्हा तेच विचारलं.

"नाही, त्रास काहीच नाही झाला. आदल्या दिवशी दाढी करून आले होते. चांगले जेवले."

पुन्हा तेच.

"तुमची आठवण काढायचे ना. हा कोट कुणाला द्यायचा नाही म्हणायचे. म्हणून तर आणला."

हेल तोच होता, 'जातंय' तसंच नाकातून लांबत होतं. रस्त्यावरून जाणारा एकजण दारात थबकला आणि हसून म्हणाला, "वा, काका! हुबेहूब!" आतल्या कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग चप्पल न वाजवता निघून गेला.

मुलाने कोट घातला. खांद्यात सैल होता. बाबांनी डाव्या हाताच्या चिमटीत शिवणीजवळचं कापड धरलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने बरोबर तिथेच टाचणी लावली.

"सोमवारी ने," ती मुलाला म्हणाली. तो वाकून बाबांच्या पाया पडला आणि गेला.

ती पुन्हा काजं करायला बसली. सुईत दोरा जाईना. चार महिन्यांत बाबांनी तोंड उघडलं की तिने काय केलं होतं? खिडकी लावून घेतली होती. "बाबा, हळू, लोक ऐकतात," म्हटलं होतं. घास भरवला होता, औषध दिलं होतं, त्यांना कुशीवर वळवलं होतं. उत्तर एकदाही दिलं नव्हतं.

"तुझ्या बापाचं काय जातंय?" बाबा म्हणाले.

तिने मान वर केली. ते तिच्याकडेच बघत होते. हेल, खांदा, सगळं बाजूला सारून तिने ते वाक्य पहिल्यांदाच शब्द न् शब्द ऐकलं. तिचा बाप तर तेच होते.

ती उठून त्या स्टुलावर बसली. त्यांचा उजवा हात उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला. तो गार होता. तिने तो दोन्ही तळव्यांत चोळला आणि बोलायला तोंड उघडलं.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत थांबून राहिले.