अळणी व्रत

चातुर्मासातलं अळणी व्रत धरून मंदाकिनीबाईंना पंधरा दिवस झाले, आणि घरातला कुजका वास त्यांच्या नाकाला पहिल्यांदाच कळला. नात रेवाच्या पायाची जखम सडून पू गळत होता. सून मात्र शेजारीच बसून आमटी भुरकत होती.

"अगं, किळस कशी येत नाही तुला? दवाखान्यात ने पोरीला!"

"होईल बरी, आई," सून हसली.

रेवाही हसली. "आजी, शाळेत शिकवलंय. सरकारी मिठात आता सोडियमऐवजी लिथियम असतं. दोन्ही एकाच गणातली मूलद्रव्यं, म्हणून चव खारटच. फक्त त्यानं कुणाला कशाचा त्रास वाटत नाही."

बाईंना आठवलं. महिन्यापूर्वी हीच जखम त्यांनीही हसत पाहिली होती. त्यांनी मिठाची बरणी मोरीत ओतली आणि नातीला पाठुंगळीला घेतलं.

त्या व्रताचं उद्यापन त्यांनी कधीच केलं नाही.