पझेसिव्ह

हर्षलनं सगळ्यांदेखत निकिताची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं तिच्या ओठांवरची लिपस्टिक पुसून काढली. मग तो लाल अंगठा तिच्याच ओढणीला पुसला.

"असलं भडक मला न्हाई आवडत. एकदा सांगितलं हुतं ना?"

साखरपुड्यानंतर जावईबापू आईला घेऊन राहात्याच्या या घरी पहिल्यांदाच जेवायला आले होते. त्यांची आई कौतुकानं हसली.

"लई पझेसिव्ह हाय आमचा. ल्हानपनापासनं तसाच. आपल्या वस्तूला कुनाला हात लावू द्यायचा न्हाई."

निकिताची आई रुपालीही हसली. लेकीनं नशीब काढलं, असा तिचा चेहरा. शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीला ती म्हणाली, "ताई, तू तर इंग्रजी शिकवतीस. पझेसिव्ह म्हंजे जीव लावनारा, व्हय ना?"

पंकजानं हातातली पेरूची फोड ताटलीत परत ठेवली. नेवाशाच्या शाळेत दरवर्षी ती हा शब्द फळ्यावर लिहायची, पण त्याची अशी किळस तिला कधी आली नव्हती.

"मालकी दाखवणारा," ती म्हणाली. "व्याकरणात तेवढाच अर्थ. माय, युवर, हिज. हिज बाइक, हिज म्हैस. आणि माणसाला म्हटलं, तर दुसऱ्यावर मालकी गाजवणारा. इंग्रजीत हे कुणी कौतुकानं सांगत नाही."

"ताई!" रुपालीनं डोळे वटारले.

हर्षलला हसू आलं. "मावशी, पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या. हल्ली पोरींनाच पझेसिव्ह लागतो. विचारा हिला."

बोलता बोलता त्यानं निकिताच्या मांडीवरचा मोबाईल उचलला, तिचंच बोट धरून त्यावर टेकवलं आणि तिचे मेसेज वाचायला लागला.

"हा रविराज कोन?"

"बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला असतो."

"असायचा. ब्लॉक केला."

निकिता ओढणीवरच्या लाल डागाकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"मावशी, हिज असतं तसं हर पण असतं ना?"

"असतं की. अगदी तसंच चालतं."

निकितानं हर्षलपुढं हात केला. "तुमचा मोबाईल द्या."

"कशाला?"

"बघायचाय."

हर्षलचा दुसरा हात झटकन शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथंच दाबून राहिला. त्याच्या आईचं हसू मावळलं.

"विहीनबाई," ती रुपालीला म्हणाली, "पोरगी भलतीच संशयी हाय वो तुमची. आत्तापासनंच हे?"

"निकी, हात खाली घे," म्हणत रुपाली उठली खरी, पण तिची नजर त्या खिशावरच्या हातावर पडली आणि ती थबकली. एकदा तिनं विहिणीकडं पाहिलं. मग लेकीकडं.

पुढं होऊन तिनं निकिताचा मोबाईल हर्षलच्या हातातून काढून घेतला. जागेवर येऊन बसली आणि पदरानं तो पुसायला लागली. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच राहिली.